बटाटा, बिबट्या आणि दहा चाळीसची उपासना

एकादशीला बटाटा चालतो. कुठल्या पोथीत तसं लिहिलंय हे विचारायला आजवर कोणी पुढं आलेलं नाही आणि कोणी येऊही नये. आमच्या सातगाव पठाराचा अर्धा संसार त्यावर उभा आहे. पुणे-नाशिक रस्त्यानं खेडचा घाट चढून वर आलं की पेठ लागतं. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी, कारेगाव ही सगळी गावं म्हणजे खरिपातल्या बटाट्याचं आगार. लागवड उरकून वारीला गेलेला आमच्याकडचा माणूस पंढरपुरात जो उपासाचा बटाटा खातो, तो मूळचा पेरू देशातल्या डोंगरांवरचा. आणि तो ताटात एकटा नसतो. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, हिरवी मिरची, ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली, समुद्र ओलांडून आलेली. ज्ञानोबांनी यांतलं काही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यांत सोवळं ताट हेच सगळ्यांत परदेशी ताट आहे, आणि त्यापायी कोणाच्या पोटात दुखल्याचं ऐकिवात नाही.

हे मी सांगतो त्याला कारण आहे. मी पेठचा, बटाटेवाल्या घरातला, आणि ख्रिस्ती. त्यामुळं दोन वाक्यं लहानपणापासून कानावर पडत आलीत. बाहेरचे म्हणतात, तुमचं सगळं परदेशातून आलेलं. आतले म्हणतात, आमच्यात हे पहिल्यापासून असंच आहे. दोन्ही बाजूंनी चौकशी केलेली नसते.

उत्तम शुक्रवारचंच बघा. दुपारी बारा ते तीन उपासना. प्रभूचे क्रुसावरचे सात उद्गार, आणि दर उद्गारावर एक वक्ता. बाहेर एप्रिलचं ऊन, वर पत्रा. प्रत्येकाला वीस मिनिटं नेमून दिलेली असतात. पहिला वक्ता ती पाळतो. दुसऱ्याचे मुद्दे पहिल्यानंच सांगून टाकलेले असतात, म्हणून तो नवे शोधत पंचविसावर जातो. पाचव्या उद्गारात प्रभू तहान लागल्याचं सांगतो, तिथं आल्यावर मंडळीतल्या एकूण एक माणसाला ते मनापासून पटतं. ही रीत प्रेषितांच्या काळापासून चालत आली, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा ठाम समज आहे. प्रत्यक्षात ती सुरू झाली सतराव्या शतकाच्या अखेरीस, पेरूमधल्या लिमा शहरात. सुरू केली अलोन्सो मेसिया नावाच्या एका जेझुइट पाद्र्यानं. तिथून ती युरोपात गेली, एकोणिसाव्या शतकात कॅथलिकांकडून अँग्लिकनांनी उचलली, आणि त्यांच्यामागून फिरत फिरत आमच्या पत्र्याखाली येऊन बसली. थोडक्यात, बटाटा आणि सात उद्गारांची उपासना, दोघांचं माहेर एकच. हे कळल्यापासून ती उपासना मला उलट जवळची वाटायला लागली. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला पंचविसावं मिनिट नाकारणं बरं दिसत नाही.

आमचं देऊळ घाटाखाली आहे. गावाचं नाव सांगत नाही. पंचकमिटीत मला अजून बसायचं आहे. देवळाच्या दाराशी दर रविवारी एक तिढा सुटलेला दिसतो, आणि तो सोडवणारे आमचे नाना. धोतर, पांढरी टोपी, पायात कातडी वहाण. आपली मराठी रीत अशी की देवापुढं जाताना पायातलं काढायचं आणि डोक्यावरचं ठेवायचं. बोडक्या डोक्यानं शुभकार्याला कोणी जात नसे. साहेबाची रीत नेमकी उलटी: हॅट काढायची, बूट ठेवायचे. त्यातून पौलानं करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या पहिल्या पत्रात लिहून ठेवलंय की पुरुषानं प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकू नये. मग खरं काय धरायचं? नाना दोन्ही काढतात. वहाणा पायरीपाशी भिंतीकडं तोंड करून ठेवतात, टोपी काढून तिची घडी घालतात आणि ती घडी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात खूण म्हणून सरकवतात. आशीर्वचनाचा ‘आमेन’ झाला की पुढच्या क्षणी टोपी डोक्यावर. शेजारी बसलेला तरुण संघ आतपर्यंत बूट घालून येतो; नाड्या सोडायचा कंटाळा, आणि वर म्हणायला, शहरात सगळे असेच बसतात.

गंमत म्हणजे ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला, त्याच वर्षी, १९६९ साली, रोमनं भारतातल्या कॅथलिकांना बारा गोष्टींची परवानगी दिली. मिस्साच्या वेळी वहाणा काढल्या तरी चालतील, जमिनीवर बसलं तरी चालेल, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, पंचांग प्रणाम. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेचं दार उघडलं होतं, त्यातून हे पुढचं पाऊल. हे नानांना सांगितलं तर ते म्हणाले, “वहाणा काढायला एवढ्या लांबनं परवानगी मागवली व्हय? विचारायचं की आमाला.”

देवळाच्या दाराशी एक पाटीही आहे: ‘उपासना सकाळी १०.४०’. साडेदहा का नाही, पावणेअकरा का नाही? नवे पाळकसाहेब आले की पहिल्या महिन्यात हा प्रश्न विचारतात आणि दुसऱ्या महिन्यापासून विचारायचं सोडतात. कारण साधं आहे. पूर्वी वाड्यावस्त्यांकडून येणारी एसटी साडेदहाला फाट्यावर थांबायची, आणि फाट्यापासून देवळापर्यंत म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं दहा मिनिटं लागायची. ज्यानं कोणी ही वेळ ठरवली, त्याच्या मनात देव असेलच. पण काठी टेकत येणारी एक बाईही असली पाहिजे. ती गाडी बंद होऊन जमाना लोटला. आता मंडळी मोटारसायकलींवर आणि जीपमधून दहालाच येते, चिंचेखाली उभी राहून टोमॅटोच्या भावावर बोलते, आणि घंटा दहा चाळीसचीच वाट बघते.

एका तरुण पंचानं बैठकीत साडेनऊची सूचना मांडली. उन्हाच्या आत आटोपेल, दुपारी शेताला पाणी देता येईल. त्यावर जी चर्चा झाली तिच्यात वाडवडील आले, मिशनरी आले, पवित्र शिस्त आली आणि शेवटी “आज वेळ बदला, उद्या वारही बदला” हेही आलं. सूचना पडली. त्या वेळेचा आणि एसटीच्या वेळापत्रकाचा संबंध माहीत असलेले नाना एका कोपऱ्यात गप्प बसून होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “नाना, तुम्ही सांगायचं ना.” ते म्हणाले, “मला कुणी इच्यारलंच न्हाई. आन् सांगितलं असतं, तर यस्टी पवित्र झाली असती.”

अशा गोष्टींत नुसते आम्हीच गुंततो असं नाही. पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनचा उंच घंटामनोरा आजही दिसतो. त्या मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये एक व्याख्यान झालं आणि पाहुण्यांपुढं चहा-बिस्किटं ठेवली गेली. पाहुण्यांत लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले असे बडे लोक. हजर असलेल्यांची नावं छापून आली, आणि पुढं दोनेक वर्षं पुण्यात कोणी चहा प्यायला, कोणी नुसता पेला हातात धरला, बिस्किटाला कोणी तोंड लावलं याची चौकशी चालली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं म्हणून सुधारक रागावले. न घेणाऱ्यांवर सनातनी रागावले. चहा मात्र त्यातून सहीसलामत सुटला. आज त्याच पुण्यात चहाशिवाय कुठल्याही धर्माची बैठक सुरू होत नाही, आणि आमच्या पंचकमिटीचीही संपत नाही.

मला या सगळ्यात कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. जी माणसं चालत आलेल्या रिवाजाला पहिल्यांदा ‘का’ असं विचारतात, त्यांचं पुढं काय होतं?

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्त स्वीकारला, त्याबरोबर आलेलं इंग्रजी गाठोडं मात्र त्या एकेक वस्तू बाहेर काढून तपासत राहिल्या. मांसाहार नाकारला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तिथं त्यांनी विचारलं की हिंदुस्थानातल्या बाईच्या क्रुसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको? त्यांना धर्मात आणणाऱ्या जोगिणींना ही बाई हेकेखोर वाटली. मला वाटतं, आयुष्यभर संस्कृताच्या जोरावर पंडितांना निरुत्तर केलेली बाई एका लॅटिन ओळीपुढं गप्प बसेल अशी अपेक्षा करणारेच जरा भाबडे होते. पुढं आमच्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, आणि अखेरच्या वर्षांत बायबलचं भाषांतर करत बसल्या, ते साध्या, बायकांना समजेल अशा मराठीत. इतकं संस्कृत येणाऱ्या बाईनं शेवटी संस्कृतही बाजूला ठेवलं. क्रुसावर कुठली भाषा हा वाद त्यांच्या लेखी अभिमानाचा नव्हताच. वाचणारीला कळतंय की नाही, एवढाच होता.

नारायण वामन टिळकांचंही तेच. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ पासून नगरला स्थिरावले. त्यांनी मनापासून गीतं रचून घेतली, पण चाली त्यांच्या. त्या चालींवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्वाला ताणायचं आणि दीर्घाला चेंगरायचं. गाणाऱ्याचा श्वास एका ठिकाणी संपायचा आणि अर्थ दुसऱ्या. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग आणले, ओवी आणली, भजनं रचली, कीर्तन केलं. जातं ओढताना बाईला म्हणता येईल असं काही देवळात आलं. त्याही वेळी कपाळाला आठ्या घालणारे असणार. देवळात टाळ वाजायला लागले तर फरक काय राहिला, असं म्हणणारा माणूस प्रत्येक मंडळीत एक तरी असतोच. लक्ष्मीबाई तर नवऱ्यानंतर पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. त्यांचं सोवळं एका दिवसात सुटलं नाही, टप्प्याटप्प्यानं सुटलं, आणि ते सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःलाच हसत सांगून टाकलं. सवय कशी सुटते हे इतक्या प्रेमानं सांगणारं दुसरं पुस्तक मराठीत मला माहीत नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले.

आता या बंडखोराची भजनं आमच्या गीतपुस्तकात आहेत, आणि आमचा तरुण संघ त्यांना ‘जुनी गाणी’ म्हणतो. त्यांना कीबोर्ड हवा, ड्रमसेट हवा, भिंतीवर प्रोजेक्टर हवा. वडीलधारे म्हणतात, आपली भजनाची परंपरा मोडू नका. टिळक ऐकत असतील तर कोणत्या बाजूला बसतील, हे मला ठरवता येत नाही. बहुधा तबल्याजवळ बसतील.

प्रोजेक्टर आला. गाण्याचे शब्द भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटायला लागले. तरुणांना वाटलं, आता सगळ्यांची सोय झाली. सगळ्यांची झाली, एक आजी सोडून. आजींना वाचता येत नाही. त्यांच्या गीतपुस्तकाचं मूळ कव्हर कधीच गेलंय. त्यावर खताच्या कंपनीच्या कॅलेंडराचं पान शिवून घातलंय, वरच्या बाजूला अजून ‘श्रावण’ दिसतो. ते पुस्तक त्या मांडीवर उघडून ठेवतात, कुठल्याही पानावर, आणि पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला की पुस्तकाकडं न बघता पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतात. त्यांना गाणी क्रमांकानं पाठ आहेत. भिंतीवर नवी गाणी उमटायला लागली, त्यांना ना क्रमांक ना पाठांतर. त्या दिवशी देवळात पहिल्यांदा आजींना वाचता येत नसल्याचं दिसून आलं. इतकी वर्षं जुन्या सवयीनं ते कोणाच्या लक्षात येऊ दिलं नव्हतं.

तेव्हापासून मला ‘जुनं विरुद्ध नवं’ या भांडणात रस उरलेला नाही. जुनी सवय माणसाला बाहेर ठेवू शकते आणि नवीही ठेवू शकते. दहा चाळीसची वेळ एका काळी म्हातारीला आत घेण्यासाठी होती. आज ती पाणी धरायला जाणाऱ्या तरुणाला बाहेर ठेवते. भजन एकेकाळी अडाणी बाईला आत घ्यायला आलं. प्रोजेक्टरनं तिला पुन्हा उंबऱ्यावर नेलं. म्हणून रिवाजाचं वय आणि गाव विचारून झालं की पुढं एवढंच विचारावं: याच्यामुळं कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं? शब्बाथाच्या दिवशी शिष्यांनी शेतातून जाताना कणसं मोडून खाल्ली, तेव्हा परुशी नियम सांगायला धावले आणि येशूनं त्यांना भुकेल्या दाविदानं काय केलं होतं याची आठवण करून दिली. शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बांधावरून जाणाऱ्यानं दोन कणसं मोडली तर त्याला कोणी वार विचारत नाही.

या कसोटीवर आमच्या काही सवयी मात्र फार छान टिकतात. प्रभुभोजनाचा पेला घ्या. आमच्या पलीकडच्या नारायणगावला ऐंशीच्या दशकात भारतातली फेसाळती वाइन तयार व्हायला लागली, फ्रेंच धर्तीची. जुन्नर तालुक्यात आजही द्राक्षाचे मळेच मळे आहेत. आणि आमच्या पेल्यात काय, तर मनुका उकळून, पंच्यातून गाळून काढलेलं पाणी. पाहुण्यांना हसू येतं. पण ज्या मंडळीत दारूनं घरं बुडालेली माणसं एकेका दिवसाचा हिशोब धरून उभी आहेत, तिथं हे मनुकांचं पाणीच बरं. ते सगळ्यांना पिता येतं. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्यानं १८६९ साली द्राक्षाचा रस आंबू नये अशी युक्ती काढली, तीही प्रभुभोजनासाठीच. पुढं त्यावर मोठी कंपनी उभी राहिली. आमच्या मनुका मात्र महिला मंडळाच्याच ताब्यात राहिल्या.

बाप्तिस्म्याचंही तसंच. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं की जाणत्या माणसाला पाण्यात बुडवायचं, यावरून जगात कितीतरी मंडळ्या फुटल्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा त्यांनी तोडगा काढला: दोन्ही चालेल. त्यामुळं आमच्याकडं शिंपडलेले आणि बुडवलेले एकाच बाकावर बसतात, एकमेकांत सोयरिकी करतात, आणि हळद, मंगळसूत्र, पांढरी साडी, मे महिन्यातला नवरदेवाचा थ्री-पीस सूट हे सगळं एकाच लग्नात पार पाडतात. भांडायचंच असेल तर जेवणात मटण किती शिजवायचं यावरून भांडतात.

आणि सुगीचा सण! पावसाळा सरला की त्या रविवारी प्रत्येक जण शेतातलं काहीतरी घेऊन येतो. वेदीपुढं भोपळे, बाजरीची कणसं, पाय बांधलेली कोंबडी, आणि पेठेकडून आम्ही आणलेलं बटाट्याचं पोतं. हा सण बायबलातला, मोशेच्या काळचा, असं सांगितलं जातं, आणि ते अगदीच खोटं नाही. पण देवळात फळं-भाज्या मांडून उपासना करायची ही आजची तऱ्हा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये मॉरवेन्स्टो नावाच्या खेड्यात, रॉबर्ट हॉकर या पाद्र्यानं १८४३ साली घालून दिली. उपासना झाली की लिलाव. लिलाव आम्हाला कोणा हॉकरनं शिकवला नाही, तो मंचरच्या बाजार समितीनं शिकवला. एक अंडं पुकारलं जातं. घेणारा पन्नास रुपये देतो आणि अंडं परत देवाला देतो. ते पुन्हा पुकारलं जातं, शंभरला जातं, पुन्हा परत येतं. शेवटी ते अंडं कोंबडीपेक्षा महाग होतं आणि देवळाच्या पत्र्याला रंग लागतो. या लिलावाला गावातले शेजारीपाजारीही येतात, बोली लावतात, हरतात, हसतात. सणाचा सांगाडा कॉर्नवॉलचा, त्यावरचं मांस-रक्त आंबेगावचं.

बटाट्याचं पोतं मी आणतो म्हणून एक गोष्ट सांगायचा मला हक्क आहे. पठारावरचा शेतकरी घरचंच बटाट्याचं बियाणं वर्षानुवर्षं लावत नाही. दोन-तीन हंगाम तेच ते वापरलं की त्यात रोग साठतो, उतार घटतो. वरून बटाटा तसाच दिसतो, पण पोतं भरत नाही. म्हणून मंचरच्या बाजारात पंजाबचं बियाणं येतं आणि आम्ही ते विकत घेतो. त्याला कोणी बटाट्याशी केलेली गद्दारी म्हणत नाही. सवयींचं बियाणं असंच अधूनमधून बदलावं लागतं, पीक टिकवायचं म्हणूनच. टिळकांनी तेवढंच केलं, रमाबाईंनी तेवढंच केलं.

हे सगळं तत्त्वज्ञान आमच्या पंचकमिटीला एका बिबट्यानं एका रात्रीत शिकवलं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा पट्टा उसाचा आणि म्हणून बिबट्यांचा. बिबट्याची पिल्लं उसात जन्मतात, उसातच वाढतात. जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. नाताळच्या सुमाराला ऊसतोड चालू असते, फड मोकळे होतात, आणि बिबट्याचा मुक्काम हलतो. वनखातं सांगतं, रात्री एकटं फिरू नका, घोळक्यानं जा, हातात बॅटरी ठेवा, गाणी म्हणत चला. नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या आमच्या तरुण संघाला याहून वेगळं काय करायचं होतं? इतक्या बेसूर ताफ्याजवळ बिबट्या फिरकणार नाही, ही सगळ्यांची खात्री होती. अडचण चोवीस डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेची. एका वर्षी दोन दिवस आधी देवळामागच्या बांधावर बिबट्या दिसला. पाळकसाहेबांनी उपासना संध्याकाळी सातला घेतली. मध्यरात्रीशिवाय नाताळ म्हणजे काय, असं म्हणत निम्मी पंचकमिटी रुसली, पण आली.

आणि त्या संध्याकाळी देवळात बसायला जागा उरली नाही. वस्त्यांवरच्या लेकुरवाळ्या बाया आल्या. मध्यरात्री त्यांना कोण सोडणार होतं? वीटभट्टीवरची दोन कुटुंबं आली. शेजारची हिंदू घरं पोरांना घेऊन आली, कारण सातला पोरं जागी असतात. उपासनेनंतर रस्सा-भात झाला आणि दहाच्या आत सगळे घरी. जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे: चिट नावाच्या एका यवनानं तिथल्या भिक्षुसंघाला भोजनमंडप करून दिला. ग्रीकांच्या कुळातला माणूस, बौद्धांचा संघ, सह्याद्रीचा खडक; आणि देणगी कसली, तर एकत्र जेवायच्या जागेची. परक्या मुलखात आपलं होण्याची ती युक्ती त्याला आमच्या आधी कळली होती.

तेव्हापासून नाताळ सातलाच होतो. यंदाच्या बैठकीत मात्र एकानं सूचना मांडली की आता सौरदिवे लागलेत, मागं जाळी झालीय, तेव्हा उपासना पुन्हा मध्यरात्री घ्यावी. लगेच तरुण संघ उठला: “सातची आपली परंपरा आहे.” परंपरा अजून शाळेतही गेली नव्हती एवढी लहान. ज्यांनी त्या वर्षी रुसवा धरला होता तेही आता सातच्या बाजूनं बोलायला लागले. रश्शाची चव लागली होती. दुसऱ्या बाजूनं बेथलेहेम आलं, मध्यरात्र आली, मिशनरी आले.

आजी कोपऱ्यात महिला मंडळाच्या वतीनं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाराला जलमला ह्ये कुणी बघितलं? मेंढपाळ रातीला जागं व्हते एवढंच शास्त्रात हाये. आन् मेंढपाळ रातीला जागं कशापायी ऱ्हातंय? त्येंच्याकडं बी बिबट्या आसंल.”

बैठक एकदम गप्प झाली. पाळकसाहेबांनी खिशातून डायरी काढली आणि घाईघाईनं काहीतरी टिपून घेतलं. नाताळचा उपदेश त्यांना फुकटात मिळाला होता. मध्यरात्रवाल्यानं सूचना मागं घेतली, कारण आजींच्या म्हणण्याला उत्तर द्यायचं तर आधी बायबल उघडायला लागलं असतं, आणि चहा निवत होता. मी तेवढ्यात संधी साधून दहा चाळीसचा विषय काढला. सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू देवळात बिबट्याच शिरला.